मावशी, शिफ्टची नोकरी आहे गं, घेऊ का?

गेल्या रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. बीकॉम झालाय, वर्षभर इकडे तिकडे डेटा एंट्री केली, आणि आता नवी मुंबई एअरपोर्टवर एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत लागतोय, रॅम्पवरचं काम, म्हणजे उभ्या विमानात बॅगा चढवायच्या-उतरवायच्या, तीन शिफ्ट, सुट्टी फिरती. ताई म्हणतेय बँकेच्या परीक्षा दे, भाऊजींचं म्हणणं रात्रपाळीने पोराच्या तब्येतीची वाट लागेल, आणि हा मला विचारतोय, "मावशी, शिफ्टची नोकरी आहे गं, घेऊ का?" मी म्हटलं घे. का घे ते सांगण्यात पाऊण तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच, म्हणून आज लिहायला बसलेय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखी ऑफर हातात घेऊन घरच्यांची तोंडं बघत बसलेल्या बाकीच्या पोरापोरींसाठी पण.

मी २००९ पासून ट्रान्सपोर्टमध्ये आहे. आज तुर्भ्याला एका फ्लीट कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर आहे, पण सुरुवात ऐरोलीत झाली, आयटीवाल्यांच्या कॅब सोडणाऱ्या डेस्कवर, रात्री ९ ते सकाळी ६, कानाला हेडफोन, फोन उचलायचे आणि ड्रायव्हरला पत्ते समजावून सांगायचे. बाबा एसटीत होते. आधी कंडक्टर, मग खात्यातली परीक्षा देऊन ठाण्यात खोपटला वाहतूक नियंत्रक. त्यामुळे पाळी हा शब्द आमच्या घरात मीठमिरचीसारखा, आज बाबांची कुठली पाळी आहे त्यावर टीव्हीचा आवाज ठरायचा.

आपला हा ठाणे-नवी मुंबईचा पट्टाच असा आहे की इथे रात्री कोणीतरी कामावर असतंच. पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली ना. १९८९ ला ठाण्याची बस, टीएमटी, सुरू झाली, न्हावाशेवाचं बंदर पण त्याच वर्षीचं, १९९६ ला नवी मुंबईची बस, एनएमएमटी, आली, १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो धावायला लागली, ११ स्टेशनं, आणि आता २५ डिसेंबर २०२५ पासून एअरपोर्टवरून विमानं उडतायत. लोकांना वाटतं यात नोकऱ्या म्हणजे ड्रायव्हर, कंडक्टर, लोडर. पण प्रत्येक गाडीच्या मागे एक कंट्रोल रूम असते, एक यार्ड असतं, एक गेट असतं, तिथे रात्री तीनला कोणीतरी हातात वॉकीटॉकी घेऊन उभं असतं, आणि त्यातलेच काहीजण दहा-बारा वर्षांनी डेपो, टर्मिनल, स्टेशन चालवतात. काहीजणच हं, सगळे नाही. का सगळे नाही, त्यावरच मला बोलायचंय.

सरकारीत रस्ता आखलेला आहे. रेल्वेत पदवीनंतर आरआरबीच्या, म्हणजे रेल्वे भरती बोर्डाच्या, एनटीपीसी परीक्षेतून स्टेशन मास्तर होता येतं, पगाराची लेव्हल ६, सुरुवातीचं बेसिक ३५,४००, किंवा ट्रेन मॅनेजर, म्हणजे आपण ज्याला गार्ड म्हणायचो तो, २०२२ मध्ये नाव बदललं. पुढे सेक्शन कंट्रोलर, ट्रॅफिक इन्स्पेक्टर, आणि तिथून ग्रुप बी मध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांत, एओएम, असिस्टंट ऑपरेशन्स मॅनेजर. एओएमच्या ७० टक्के जागा सिनियॉरिटी धरून होणाऱ्या निवडीतून भरतात आणि ३० टक्के खात्यातल्या स्पर्धा परीक्षेतून, म्हणजे ज्याला थांबायचं नाहीये त्याच्यासाठी पण दार आहे. एसटीत वाहक, मग वाहतूक नियंत्रक, सहायक वाहतूक निरीक्षक, वाहतूक निरीक्षक आणि मग आगार व्यवस्थापक. बाबांच्या बरोबर कंडक्टर म्हणून लागलेले एकजण मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन या पायऱ्या चढत गेले, बाबा त्यांच्याबद्दल फार अभिमानाने सांगतात.

प्रायव्हेटमध्ये मात्र कुठेही पायऱ्या काढून ठेवलेल्या नसतात. इथे डेस्कवर लागलेला माणूस बारा वर्षं डेस्कवरच असू शकतो आणि तीन वर्षांत शिफ्ट इनचार्ज पण होऊ शकतो. फरक कशाने पडतो हे मला स्वतःला कळायला दोन वर्षं आणि एक वाईट रात्र लागली.

ती रात्र जुलै २०११ ची. पाऊस संध्याकाळपासून धो धो. मी ड्युटीवर पोचले तेव्हा दुपारच्या शिफ्टचा मुलगा बॅग खांद्याला लावूनच उभा होता, त्याची ठाण्याची लोकल निघायची होती, म्हणाला सगळं ओके आहे, दोन गाड्या शॉर्ट आहेत, बाकी ट्रिपशीट टेबलावर आहे, आणि गेला. मी पण विचारलं नाही. रात्री साडेबाराच्या लॉगआउटला, म्हणजे आयटीवाल्यांची शिफ्ट सुटल्यावर, कळव्याची गाडी मी नेहमीच्या रस्त्याने सोडली, दिघा, विटावा, कळवा. आता ज्याला हा रस्ता माहितीये त्याला विटाव्याचं रेल्वे पुलाखालचं पाणी माहितीच असणार, पाऊस लागला की तिथे तळं होतं. त्या संध्याकाळी साडेआठलाच एका ड्रायव्हरने फोन करून सांगितलं होतं की विटावा भरलाय, मुलुंडच्या पुलावरून घ्या. दुपारच्या मुलाने ते ऐकलं होतं, त्याने एक गाडी तशी फिरवली पण होती. पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यात होतं आणि त्याचं डोकं तोपर्यंत ठाण्याला पोचलं होतं.

गाडी पाण्यात बंद पडली. आत एक मुलगी, एस्कॉर्ट, म्हणजे सोबतीला दिलेला गार्ड, आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरचा मोबाइल भिजला, एस्कॉर्टचा लागेना, तेव्हा आमच्या गाड्यांत जीपीएस नव्हतं. दीड वाजता डेस्कवर फोन आला, त्या मुलीची आई, आवाज अगदी शांत, "ताई, आमची मुलगी निघाली का हो ऑफिसमधून?" मी म्हटलं हो निघाली. "मग आता कुठे आहे?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्यासमोर तीन फोन, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर नवी मुंबईचा भला मोठा नकाशा, आणि एका आईला सांगायला एक वाक्य नाही. त्या पंचवीस-तीस मिनिटांत ती तीनदा फोन करून तेच विचारत होती. शेवटी एस्कॉर्ट त्या मुलीला घेऊन गुडघाभर पाण्यातून चालत विटावा नाक्यापर्यंत आला, तिथल्या एका दुकानदाराच्या फोनवरून आम्हाला कळवलं, आणि दुसरी गाडी मुलुंड, कोपरी, कळवा पूल अशी फिरून जाऊन तिला घरी सोडून आली. कोणाला काही झालं नाही. पण मी सकाळी घरी आले ती रडतच.

बाबा तेव्हा नोकरीत होते, त्यांची दुपारपाळी होती म्हणून घरी सापडले. त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले तुमच्याकडे चार्ज कसा देतात? मी आमचं लॉगबुक कसं असतं ते सांगितलं, किती वाजता कुठली गाडी गेली, कोण ड्रायव्हर, किती किलोमीटर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, हे सगळं झालेलं लिहिताय तुम्ही. झालेलं उद्या हिशेबाला लागतं. पुढच्या माणसाला अर्धवट राहिलेलं लागतं, ते लिहा."

मला तोपर्यंत वाटायचं आपलं काम म्हणजे आपले नऊ तास नीट काढणं. आपल्या शिफ्टमध्ये गाड्या वेळेवर गेल्या, नो-शो, म्हणजे गाडी जाऊनही माणूस न येणं, कमी, कोणाची कम्प्लेंट नाही, झालं. पण ट्रान्सपोर्टमध्ये काम शिफ्ट संपली म्हणून थांबत नाही ना, माणूस बदलतो आणि गाडी रस्त्यावरच असते. जो नुसती आपली शिफ्ट सांभाळतो तो चांगला डेस्कवाला असतो. आपण नसताना पण काम नीट चालेल हे जो बघतो त्याच्याकडे हळूहळू मॅनेजरचं काम यायला लागतं, पद नंतर येतं. रेल्वेवाल्यांना हे फार आधीपासून माहितीये, स्टेशन मास्तरच्या डायरीत चार्ज दिल्याघेतल्याची नोंद असते आणि दोघांच्या सह्या असतात, पुढचा माणूस वाचून सही करतो तेव्हाच आधीचा मोकळा.

मी दुसऱ्या दिवशी ऐरोली सेक्टर ३ मधून एक लांब रजिस्टर घेतलं, स्वतःच्या पैशाने, आणि त्यात फक्त अर्धवट गोष्टी लिहायला लागले. कुठला रस्ता बंद आहे. कुठली गाडी धावतेय पण ब्रेकचा आवाज येतोय असं ड्रायव्हर म्हणाला. कोण डबल ड्युटीवर आहे आणि कधीपासून. कोणाचा रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, अजून आलेला नाही. आणि कोणाला आपण काय शब्द दिलाय, म्हणजे घणसोलीच्या मॅडमना सांगितलंय की उद्या त्यांचा पिकअप गेटच्या आत येईल, पार्टीवाल्या ग्रुपला सांगितलंय शनिवारी गाडी साडेअकराला मिळेल. दिलेले शब्द लिहायची सवय मला सगळ्यात जास्त कामाला आली, कारण तक्रारी नव्वद टक्के तिथूनच येतात, एका शिफ्टने हो म्हटलेलं असतं आणि दुसरीला पत्ताच नसतो. सुरुवातीला लोक हसले, मग वैतागले, कारण मी वाचून सही केल्याशिवाय चार्ज घेत नव्हते आणि देताना पण पुढच्याला सोडत नव्हते. चार महिन्यांनी बाकीच्या दोन शिफ्टनी तेच रजिस्टर वापरायला सुरुवात केली, मला कोणी विचारलं पण नाही. सहा महिन्यांनी मला शिफ्ट इनचार्ज केलं.

इनचार्ज झाल्यावर राउटिंग हातात आलं आणि तिथे मला पहिल्यांदा या कामाची खरी मजा कळली. आमच्याकडे नियम असा की बाईला रात्री शेवटचा ड्रॉप ठेवायचा नाही, ठेवला तर गाडीत एस्कॉर्ट द्यायचा. आता गाडीत ड्रायव्हर सोडून चार सीट, एस्कॉर्ट बसला की तीनच उरतात. समजा ठाण्याच्या दिशेला बारा बायका आणि चार पुरुष आहेत. बायकांच्या चार गाड्या, चार एस्कॉर्ट, आणि पुरुषांची एक वेगळी गाडी, अशा पाच गाड्या आमच्याकडे कित्येक महिने रोज जात होत्या. मी पत्ते घेऊन बसले आणि बघितलं की चारही पुरुष त्याच वाटेवर पण पुढे राहतात, एकजण तर थेट कासारवडवलीला. मग प्रत्येक गाडीत तीन बायका आणि शेवटच्या ड्रॉपला एक पुरुष. सोळाजण, चार गाड्या, एस्कॉर्ट एकही नाही, एक अख्खी गाडी मोकळी झाली, आणि कुठल्याच बाईला घरी पोचायला जास्त वेळ लागला नाही, तो लागला असता तर मी हे केलंच नसतं. पण यात मेख अशी की त्या चारातला एकजण रजेवर गेला की त्या गाडीत लगेच एस्कॉर्ट लागतो, म्हणजे रजा दुपारी कळली तर रात्रीच्या माणसापर्यंत ती पोचलीच पाहिजे. परत गाडी रजिस्टरवरच आली.

त्या मोकळ्या झालेल्या गाडीचा हिशेब मी साध्या एक्सेलमध्ये करून वरच्या साहेबांना दाखवला, महिन्याचे किलोमीटर किती वाचले, एस्कॉर्टच्या ड्युट्या किती कमी झाल्या, डेड किलोमीटर, म्हणजे रिकाम्या गाडीचे, किती. तेव्हा मला पिव्होट टेबल पण येत नव्हतं, भावाने शिकवलं. रात्री डेस्कवर बसलेल्या माणसाला जे दिसतं ते दिवसा केबिनमध्ये बसलेल्याला दिसत नाही, फक्त ते त्याच्या भाषेत, म्हणजे आकड्यात, मांडून द्यावं लागतं. पोरांनो हे खरंच मनावर घ्या. शिफ्टमध्ये चार तास शांत असतात, तेव्हा मोबाइल बघण्यापेक्षा आठवड्याचे आकडे एकदा काढून बघा, कुठला रूट रोज लेट होतो, कुठल्या वारी, कोणामुळे.

आता एका माणसाबद्दल लिहायलाच हवं. आमच्या डेस्कवर एक सिनियर होते, सगळे दादा म्हणायचे, माझ्या आधी सात वर्षं. प्रत्येक ड्रायव्हरचं गाव, कोणाचा बॅज कधी संपतो, कोण पावसात घाबरतो, कुठल्या सोसायटीचा वॉचमन गेट उघडत नाही, सगळं तोंडपाठ. मला कामाचा निम्मा भाग त्यांनी शिकवला. पण ते लिहायचे नाहीत. त्यांना वाटायचं आपल्या डोक्यात आहे तीच आपली किंमत, आपल्याशिवाय डेस्क चालत नाही. आणि खरंच चालत नव्हता. म्हणूनच जेव्हा जेव्हा वरची जागा रिकामी झाली तेव्हा साहेब म्हणाले यांना हलवलं तर रात्र कोण बघणार, आणि ते तिथेच राहिले. माझं त्यांच्याआधी प्रमोशन झालं तेव्हा त्यांनी पेढे घेतले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला आजही ते आठवलं की घशाशी येतं. त्या माणसाला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. कंपनीचं सोयीचं होतं म्हणून कंपनीने सांगितलं नाही, आणि हे मला आजही चुकीचं वाटतं. आज माझ्या हाताखाली असा कोणी दिसला की मी त्याला मुद्दाम पंधरा दिवस दिवसपाळीला घेते, त्याच्याकडून सगळं लिहवून घेते, आणि त्याच्या जागी शिकाऊ मुलगा बसवते.

भाऊजींच्या मुद्द्याबद्दल. तब्येतीचं ते म्हणतात ते खोटं नाहीये. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, चहा कितीही प्या, आणि अपघात पण त्याच वेळेला जास्त सांभाळावे लागतात. मी पहिल्या दोन वर्षांत नऊ किलो वाढवले, मासिक पाळी अनियमित झाली, दोन दिवाळ्या आणि एक गणपती डेस्कवर गेले. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले, पण डेस्कवर रिलीव्हर आला नाही की आठाचे बारा आणि बाराचे सोळा होतात आणि तिथे कायदा आठवून कोणी उठून जात नाही. म्हणून जॉइन व्हायच्या आधी विचारून घ्यायचं, लाजायचं नाही. शिफ्ट बदलतात त्या कुठल्या क्रमाने? सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढे पुढे गेलं तर शरीर जुळवून घेतं, उलटं फिरवलं तर माणूस पिचतो. दोन शिफ्टमध्ये किमान किती तासांचं अंतर? रात्री सुटल्यावर घरी कसं जायचं, कंपनीची गाडी आहे का? तुम्ही कंपनीच्या पेरोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या? आणि आतून वरच्या जागा भरतात का, शेवटची कोणाची भरली? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर तिथे काम शिकायचं आणि दीड-दोन वर्षांत दुसरीकडे बघायचं, त्यात काही वाईट नाही.

भाच्याला मी रॅम्पबद्दल एवढंच सांगितलं की विमान उभं राहिल्यापासून परत हलेपर्यंत, लहान विमान असेल तर साधारण अर्धा-पाऊण तास, तुला एकाच जागी सगळं बघायला मिळणार आहे. बॅगा उतरतायत, इंधन भरतंय, साफसफाई, जेवणाच्या गाड्या, नवीन बॅगा चढतायत, प्रत्येकाची माणसं वेगळी, कंपनी वेगळी, आणि एकाला उशीर झाला की सगळ्यांना. तुझं काम बॅगांचं असलं तरी नजर सगळ्यावर ठेव, कोण कोणासाठी थांबलंय ते बघ. टर्नअराउंड कोऑर्डिनेटर म्हणून एक जागा असते, तिथे बसणारा माणूस हेच करतो, आणि पुढे शिफ्ट इनचार्ज, ड्युटी मॅनेजर त्यातूनच होतात. आणि चार्ज देताना बॅग खांद्याला लावायची नाही, आधी खुर्चीवर बसायचं.

ताईशी पण बोलले. ती अजून पूर्ण राजी नाहीये, पण म्हणाली, "बाबांनी काढलीच ना आयुष्यभर पाळी," आणि मग आम्ही दोघी थोडा वेळ बाबांच्या दुपारच्या झोपेबद्दलच बोलत राहिलो, आई उन्हाळ्यात खिडकीला ओली चादर लावायची, आम्ही दोघी अनवाणी फिरायचो घरात.

तो १५ तारखेला जॉइन होतोय. उलव्याला तीन पोरांबरोबर रूम बघितलीये, पूर्वेकडे मोठी खिडकी आहे म्हणे, फार हवा येते म्हणून खूश आहे. मी त्याला म्हटलं खिडकीचं माप पाठव आधी. तुर्भ्याच्या मार्केटमधून जाड काळं कापड आणून ठेवलंय, माप आलं की पडदा शिवून देते.